सिंधूसाठी मेक्सिकन न्याहारी

सोमवार, ४ नोव्हेंबर १९६८

सिंधूला आज नळाजवळ घेरी आली. हंडा पडला, मोठा पोचा आला. (हंड्याला. सिंधूला फारसं लागलं नाही.) डॉ. पांढरीपांडे येऊन गेले. पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली. म्हणाले, अंगात रक्त नाही, प्रोटीन नाही. या बाई सकाळपासून दुपारपर्यंत नुसत्या चहावर काढतात, हे बंद करा. सकाळी यांना पोटभर खाऊ घाला. हे सगळं ते माझ्याकडे बघून म्हणाले. साहजिक आहे. घरात निर्णय घेणारा माणूस कोण, हे डॉक्टर लोकांना लगेच कळतं.

निश्चय : सिंधूच्या न्याहारीची जबाबदारी आजपासून माझी. तिला तसं सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि पोचा आलेला हंडा घेऊन पुन्हा नळावर गेली.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

दिवसभर विचार. पोहे – प्रोटीन नाही. उपमा – नाही. साबुदाणा – नाहीच नाही. शेवटी मधल्या सुट्टीत शाळेच्या वाचनालयात एक जुनं अमेरिकन मासिक हाती लागलं. पानभर रंगीत चित्र. मेक्सिकोतल्या शेतकऱ्याची न्याहारी! मक्याची भाकरी, तिच्यावर तव्यातलं अंडं, अंड्यावर टोमॅटो-मिरचीचा लालभडक रस्सा, बाजूला शिजवून घोटलेलं कडधान्य, वर किसलेलं चीज. एका ताटात केवढं प्रोटीन!

बारा वर्षं नववीला मेक्सिको शिकवतोय. चांदीच्या खाणी, ज्वालामुखी, पठारी हवामान. पण तिथला माणूस सकाळी उठून खातो काय, हे कधी मनातच आलं नाही. परवाच तिथे ऑलिंपिक झालं. हॉकीत आपल्याला कांस्य. पोहे खाऊन गेल्यावर दुसरं काय मिळणार?

संध्याकाळी घरात जाहीर केलं. आई मोझरीच्या गुरुकुंज आश्रमात भजनाला जाणारी, अंडं-मटण वर्ज्य. म्हणाली, "माह्या चुलीवर अंडं चढवशीन त मी मोझरीलेच जाऊन राहीन." मी म्हटलं, मागच्या अंगणात मटणाची वेगळी चूल आहेच, तिथे करू. म्हणाली, करा. आईला पटवणं फार अवघड नसतं. मुद्देसूद बोलावं लागतं.

सिंधूने विचारलं, मागची चूल सारवायची का? म्हटलं, हो.

रविवार, १० नोव्हेंबर

शास्त्रीय काम म्हणजे आधी मोजमाप. सिंधूला घेऊन स्टेशनवर गेलो, वजनाच्या यंत्रावर दोघे चढलो. ती त्रेचाळीस किलो, मी साठ. मी का चढलो? तुलनेसाठी. परतताना तिला स्टेशनबाहेरच्या बाकावर बसावं लागलं, धाप लागली होती. म्हटलं, पाहतेस ना, किती वेळेवर मी हे हाती घेतलं. मान डोलावली तिने.

तिला दहा पावलांवर बसायला लागतं, हे मला आधी माहीत नव्हतं. जरा भीतीच वाटली. घरी येऊन मासिकातलं पान तीनदा वाचलं, तेव्हा बरं वाटलं.

बुधवार, १३ नोव्हेंबर

सामानाची जमवाजमव. अंडी इतवारा बाजारातून, पिशवीत वर मेथीची जुडी ठेवून. (मी घाबरत नाही. हेडमास्तर शाकाहारी आहेत एवढंच.) मका चांदूर बाजारहून आणवला. मेक्सिकोतली ती काळी घेवड्याची जात इथे कोणी ऐकलेली नाही, तेव्हा आपली बरबटी, म्हणजे चवळी. चीज अमरावतीत मिळत नाही. पेढेवाल्याकडून खवा घेतला. रंग तोच, किसता येतो. चित्रात एका हिरव्या फळाच्या फोडी आहेत, त्याऐवजी कच्ची पपई उकडून. भूगोल येत असला की पर्याय सुचतात.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

मका चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर ठेवायचा, मग साल चोळून काढायची. किती चुना, ते मासिकात लिहिलेलं नाही. पानठेल्यावर गेलो, एक डबीभर मागितला. ठेलेवाला म्हणाला, "मास्तर, शाळेत खिलवता का पान?" दुर्लक्ष केलं. एक डबी पुरेल असं वाटेना म्हणून दोन घेतल्या.

शनिवार, १६ नोव्हेंबर

सालं निघाली. उत्तम निघाली. चुना जायला मका बऱ्याच पाण्यातून काढावा लागला, सिंधूला नळावर खेपा पडल्या. तिच्या बोटांची थोडी साल गेली, रात्री खोबरेल लावून बसली होती. मला काहीच झालं नाही. मी देखरेख करत होतो.

गिरणीवाला ओला मका दळायला तयार नाही. दगड बसतात म्हणे. सिंधू पाट्यावर वाटेल.

रविवार, १७ नोव्हेंबर

ऐतिहासिक दिवस!

पहाटे उठलो. सिंधू त्याआधी उठली होती, कारण वाटण व्हायचं होतं. मी भाकरी थापायला घेतली. मक्याला चिकटपणा नाही, उचलली की हातात निम्मी, परातीत निम्मी. तिसऱ्या भाकरीनंतर सिंधू म्हणाली, द्या इकडे. तिने थापल्या. अंडी मी फोडली. (टरफलं सिंधूने वेचून काढली.)

वर रस्सा, खवा, पपई. ताट तयार. आता चव बघणं आलं. आजारी माणसाला काहीही एकदम कसं द्यायचं? मी आधी खाल्लं. खवा थोडा विचित्र लागतो, पण बरबटी-अंडं अप्रतिम. खात्रीसाठी दुसरं ताट. तेवढ्यात शेजारचा कमलाकांत, आमच्या शाळेचा ड्रॉइंग मास्तर, कुंपणावरून डोकावला. "मास्तर, कायचा वास येऊन राहिला?" दारात आलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? त्याने दोन ताटं संपवली. मग आईला आतल्या चुलीवरची भाकरी आणि बरबटी, अंडं नाही. मग भाकऱ्या संपल्या.

सिंधूने चहा घेतला. म्हणाली, "बरं झालं, सगळ्यायले आवडलं."

उद्या तिला द्यायचं. नक्की.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

सोमवारपासून जरा गडबड. शाळेत सहामाहीचे पेपर तपासणं. न्याहारी रोज होते आहे, त्यात खंड नाही. पद्धत बसली आहे : सिंधू रात्री मका भिजत घालते, पहाटे वाटते, मी अंडी फोडतो. कमलाकांत येतो. त्याची बायको माहेरी गेली आहे, बिचारा. हाडं-कातडं झाला होता, आठवड्यात तरतरी आली. प्रोटीनचा प्रभाव निर्विवाद.

सिंधूचं ताट रोज राहूनच जातं. तिला विचारलं, तू का खात नाहीस? म्हणाली, "तुमी घ्या आधी, मी मागून खातो." मागून काय उरतं, ते विचारायचं राहिलं. शाळेची घंटा झाली होती.

रविवार, २४ नोव्हेंबर

आज पी. टी. मास्तर आले, आणि हेडमास्तरही. (अंडी पाहून म्हणाले, परदेशी पदार्थात चालतं.) मी मेक्सिकोचा नकाशा टांगून दहा मिनिटं बोललो. टाळ्या पडल्या. दर रविवारी जमायचं ठरलं, मंडळाला नावही पडलं : मेक्सिकन अल्पोपाहार मंडळ. संस्थापक मी.

हेडमास्तरांनी विचारलं, हे सगळं सुचलं कसं? म्हटलं, घरात आजारपण आहे, त्यातून. म्हणाले, धन्य आहे तुमची पत्नी. सिंधू आत चूल फुंकत होती, तिला ऐकू गेलं नसावं.

रविवार, १ डिसेंबर

आज पक्की योजना. सिंधूचं ताट सगळ्यांच्या आधी वाढून, झाकण घालून, कपाटात ठेवलं. वर कागदावर लिहिलं : सिंधू. कोणी हात लावायचा नाही.

मंडळ जेवून गेलं. आणि अकराच्या सुमारास अचलपूरच्या बसने वच्छलामावशी दारात. न कळवता. तिची खोड आहे. आई म्हणाली, पोरी, मावशी उपाशी आली आहे. सिंधूने कपाट उघडलं, कागद काढला, ताट मावशीपुढे ठेवलं. मावशीने अंडं बाजूला काढलं आणि बाकी सगळं खाल्लं. ते अंडं तरी तू खा, सिंधूला म्हटलं. तोवर मांजराने काम केलं होतं.

माझी योजना निर्दोष होती. मांजर आणि मावशी या दोन गोष्टी योजनेत धरता येत नाहीत.

शनिवार, ७ डिसेंबर

सिंधू आज पाट्यावर वाटताना मध्येच थांबून भिंतीला टेकली. डोळे मिटलेले. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, "काई नाई, जरा अंधारलं." तिचा हात धरला. फार हलका होता हात. डॉक्टरकडे गेलो. त्यांनी विचारलं, सकाळी खातात ना आता? मी म्हटलं, घरात रोज अंडं, कडधान्य, मका आहे. म्हणाले, छान. यात मी खोटं काही बोललो नाही.

रविवार, ८ डिसेंबर

कडक धोरण. आज सिंधूला सगळ्यांच्या आधी पाटावर बसवलं. स्वतः वाढलं. म्हटलं, माझा हुकूम आहे, खा.

ती बसली. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी. मंडळाचे सभासद ओसरीवर. मी वही-पेन्सिल घेऊन समोर. सिंधूने एक घास घेतला आणि तोंडात धरूनच बसली. गिळेना. मग पदर सावरून उठली. म्हणाली, "सासूबाईचं होऊ द्या, मंग."

आईला काही बोलावं असं मनात आलं. पण बोलणार काय? आई स्वतः चाळीस वर्षं सगळ्यांच्या मागून जेवली. बाबा गेल्यावरच ती आधी बसायला लागली. तिला मी आता कोणता नियम शिकवणार? वाईट वाटलं. खरंच वाटलं. इतक्यात ओसरीवरून कमलाकांतने हाक मारली, अंडी गार होताहेत का म्हणून.

रविवार, २२ डिसेंबर

नाताळची सुट्टी. स्टेशनवर दुसरी वजनमापणी. मी चौसष्ट. चार किलो वाढ! कोटाचं बटण लागत नाही, त्याचा उलगडा झाला.

सिंधू एकेचाळीस.

यंत्र बिघडलेलं असणार. रेल्वेचा कारभार. पुन्हा चढायला सांगितलं. पुन्हा एकेचाळीस. मग लक्षात आलं की थंडीत लोक जाड कपडे घालतात, मी कोट घातला होता, तिने नुसतं लुगडं. पण गेल्या वेळीही तिने नुसतंच लुगडं नेसलं होतं, हे नंतर आठवलं. नको होतं आठवायला.

प्रोटीन आधी ज्याचं शरीर तयार असतं, त्याला लागत असावं. सिंधूचं अजून तयारीत आहे.

बुधवार, १ जानेवारी १९६९

नव्या वर्षाचे निश्चय :

सिंधूला मंडळाआधी खायला द्यायचं. आई देवळात गेली की. दार लावून.

नवीन कोट नको. जुनाच सैल करून घ्यायचा.

शनिवार, ४ जानेवारी

दार लावून बघितलं. दूधवाला, मग गोवऱ्यावाली, मग कमलाकांत. दार लावलं की लोकांना काळजी वाटते. तिसऱ्यांदा सिंधू स्वतःच उठून उघडायला गेली आणि परत बसली नाही. ताट कमलाकांतने घेतलं. तो म्हणाला, "वहिनी, आज टमाटर थोडे आंबट हायेत." या माणसाला मी एक दिवस सरळ सांगणार आहे.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. सिंधूचा धाकटा भाऊ उद्धव अकोल्याहून तिळगूळ घेऊन आला. तिथल्या कापसाच्या जिनात तो हिशेबनीस आहे. साधा माणूस, भूगोलाचं ज्ञान शून्य. दिवसभर ओसरीवर बसून नुसता आत बघत होता : सिंधू कोणाला वाढते, कधी वाढते, स्वतः कधी बसते. दुपारी दोन वाजून गेल्यावर ती भाकरीचा तळाचा तुकडा आणि भांड्याला चिकटलेली बरबटी घेऊन चुलीमागे बसली, तेही त्याने पाहिलं.

संध्याकाळी मी त्याला मंडळाची माहिती दिली, नकाशा दाखवला, माझं वाढलेलं वजन सांगितलं. तो म्हणाला, "भाऊजी, थे सगळं ठीक हाय. ताईचे हाडं दिसून राहिले. तिच्या पोटात काय जाते थे सांगा." मी प्रोटीनचा तक्ता दाखवला. तो म्हणाला, "तक्त्यात नाई, तिच्या पोटात."

अकोल्याची माणसं फार फटकळ.

बुधवार, १५ जानेवारी

उद्धव म्हणतो, ताईला काही दिवस घेऊन जातो. आई म्हणाली, मंग घरचं कोण करन? उद्धव म्हणाला, तेवढं तुमी पाहा. आई माझ्याकडे बघू लागली, मी छताकडे.

सिंधूला विचारलं, तुला जायचं का? मला वाटलं ती नाही म्हणेल. ती म्हणाली, "तुमी म्हणान तसं." मी म्हटलं, जा, पण सहज, थोड्या दिवसांसाठी. आणि मागे तुझी काही अडचण होणार नाही, न्याहारी मी चालवतोच आहे.

तिने मीठ कुठे, तेल कुठे, आईचं औषध कोणत्या फडताळात, सगळं दाखवलं. मी म्हटलं, मला माहीत आहे. मला काहीच माहीत नव्हतं.

गुरुवार, १६ जानेवारी

बसस्टँडवर पोहोचवून आलो. खिडकीशी बसली होती. बस सुटेपर्यंत मला सांगत होती की मका रात्रीच भिजत घाला. घरी येऊन पाहिलं, निघायच्या आधी तिने स्वतःच घालून ठेवला होता.

रविवार, १९ जानेवारी

मंडळाची सभा. एकट्याने. सिद्ध करून दाखवायचंच होतं.

मका कच्चा राहिला. भाकरी थापली की तव्यापर्यंत पोहोचत नाही. ठीक आहे, चुरा म्हणून वाढला, मेक्सिकोत असंही खातात म्हटलं. टोमॅटोचा रस्सा मात्र भरपूर केला, पितळेच्या मोठ्या पातेल्यात, रात्रीच करून झाकून ठेवला, म्हणजे सकाळी धावपळ नको.

तिथे घोळ झाला. पातेल्याला कल्हई उरली नव्हती. रस्सा कळकला. चव जरा झणझणीत, जिभेवर तुरट लागली, मला वाटलं मिरची. हेडमास्तरांना ओसरीवरच उलटी झाली, पी. टी. मास्तर घरी जाऊन आडवे. कमलाकांतला मात्र काही झालं नाही, पोट तयार झालंय त्याचं.

आई म्हणाली, "आंबट कोनी बिनाकल्हईच्या पितळेत ठेवते का रे? सिंधू भेदऱ्याचा रस्सा नेहमी मातीच्या गाडग्यात ठेवत होती." मग हे मला आधी का नाही सांगितलं?

मंडळ तूर्तास स्थगित.

शुक्रवार, २४ जानेवारी

शाळेत हेडमास्तर बोलत नाहीत. कमलाकांतची बायको माहेरून परत आली, तोही येत नाही. आता फक्त आई आणि मी. आता तर फार सोपं असायला हवं.

पण एक चमत्कारिक प्रकार लक्षात आला. पहाटे उठून चूल पेटवतो, पाणी भरतो, आईची पूजा होईस्तोवर तिचं करतो, तिला गरम वाढतो, तिला पुन्हा हवं असतं, ते करतो, तोवर शाळेची वेळ. माझं ताट राहतं. उरलेलं गार, तेही उभ्याने, तेही तुकडा-दोन तुकडे. म्हणजे करणाऱ्या माणसाला गरम मिळतच नाही! हा मेक्सिकन पद्धतीतला दोष दिसतो. त्यांच्या देशात यावर काय उपाय आहे, ते मासिकात दिलेलं नाही.

शनिवार, १ फेब्रुवारी

चूल फुंकून डोळे लाल. वर्गात पोरं म्हणतात, मास्तर रडून आले. पाट्यावर मका वाटला, हात दोन दिवस वर होत नव्हता. सिंधू रोज वाटायची. तिची पद्धत वेगळी असावी.

कोटाचं बटण पुन्हा लागायला लागलं आहे. स्टेशनवर जाणार नाही.

आई म्हणाली, "तिले बोलाव आता." मी म्हटलं, ती बरी व्हायला गेली आहे. आई म्हणाली, "मीच कधी तिले बस म्हटलं नाई." आणि माळ घेऊन आत गेली. आईकडून असं ऐकायची सवय नाही.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

निर्णय झाला. रविवारी अकोल्याला जायचं आणि सिंधूला घेऊन यायचं. रिकाम्या हाताने नाही. डबाभर मेक्सिकन न्याहारी नेईन, चांगली करून, मातीच्या गाडग्यातला रस्सा. उद्धवला दाखवतो की तिच्या पोटात काय जाणार ते. आता मला सगळं येतं. ती येईल, बसेल, मी करीन, ती खाईल. आईही काही म्हणणार नाही. इतकं सोपं आहे हे. उगाच लांबलं.

रविवार, ९ फेब्रुवारी

पहिल्या बसने निघालो. मूर्तिजापूरला चहा. डबा मांडीवर. शेजारच्या माणसाने विचारलं, काय आहे? सांगितलं. तो जागा बदलून बसला.

जिनाच्या मागे उद्धवचं घर. अंगणाचं फाटक उघडं होतं, हाक मारणार तेवढ्यात थांबलो. सिंधू उन्हात पाटावर बसली होती. पुढे ताट. दुधात कुस्करलेली भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गुळाचा खडा. प्रोटीनच्या दृष्टीने विशेष काही नाही. उद्धवची बायको तारा तिच्यासमोर उकिडवी बसून आणखी दूध घालत होती, ही नको नको म्हणत होती आणि तोंडात घास असतानाच हसत होती. दूध हनुवटीवर आलं, ते तिने मनगटाने पुसलं. गालांवर रंग होता. केस सुटे, धुतलेले.

वीस वर्षं झाली लग्नाला. मी तिला जेवताना कधी पाहिलंच नव्हतं. चुलीमागे बसायची. तिथे बघायला कोण जातं?

किती वेळ उभा होतो कोण जाणे. फाटक वाजलं. तिने मान वर केली, मला पाहिलं आणि उठली. एका क्षणात. पदर डोक्यावर, हात ताटात धुतला. अर्धं ताट तसंच. "कधी आले तुमी? बसा ना, तुमचं वाढतो." तारा म्हणाली, बसा ना ताई, जेवण तर होऊ द्या. उद्धवही बाहेर येऊन तेच म्हणाला. मीही म्हटलं, बस. ती उभीच. मी पुन्हा म्हटलं, अगं बस. ती हसून म्हणाली, "तुमी खा आधी." वर विचारलं, "न्याले आले का? लगेच पेटी भरतो."

पेटी भरायला ती खरोखर वळली. मी येऊन घटकाही झाली नव्हती.

म्हटलं, नाही, न्यायला नाही. इथल्या शाळेत परीक्षेचं काम आहे, वाटेत डोकावलो. आई बरी आहे. तू राहा, होळीनंतर बघू. मला घाई आहे, पाणीसुद्धा नको. तारा म्हणाली, आज रविवारी कोणती शाळा? मी म्हटलं, असते कधीकधी.

डबा द्यायचा राहिला. मुद्दामच राहू दिला.

बाहेर येऊन कुंपणाला टेकून उभा राहिलो. आत ते तिघं काहीतरी बोलत होते. मग पाट ओढल्याचा आवाज आला आणि तारा म्हणाली, दूध गरम करून आणते. तेव्हा निघालो.

बसस्टँडवर बाकावर बसून डबा उघडला. भाकरीचे तुकडे झाले होते, अंडं चिवट. गार. भूक लागली होती, सगळं खाल्लं.